उद्याच्या घरातलं कुलूप

“याला भंडारा लावला का कुणी?”

प्रतिभानं हे विचारलं आणि टेम्पोतून खोकी उतरवणारी सगळी मंडळी थबकली. पुण्याहून आलेल्या शिरीष सरांना तर भंडारा म्हणजे काय, हेच कळेना. मग टेम्पो चालवणाऱ्या संपतमामानं हसत खुलासा केला, की ही आमची भाची, कवठे येमाईची. खंडोबाची हळद लावल्याशिवाय ही नव्या वस्तूचं बटण कुणाला दाबू देत नाही.

मामा चेष्टा करत असला तरी खोटं बोलत नव्हता. प्रतिभाच्या पणजोबांच्या काळी घरात मेंढरं होती. मेंढरं गेली, शेती आली, विहिरीवर मोटर बसली. पण नवी वस्तू दारात आली की तिला चिमूटभर भंडारा लावायचा, ही रीत काही सुटली नाही. मोटरीला लावला, टीव्हीला लावला, आजोबा गेणबांच्या कानातल्या यंत्रालासुद्धा लावला होता. सुट्टीत मामाकडे शिरूरला निघालेल्या नातीच्या पिशवीत भामाआजीनं कपड्यांच्या आधी भंडाऱ्याची पुडी घातली होती, यावरून काय ते समजा.

आणि शिरूरच्या बाजारतळावरच्या मांडवात तर सगळंच नवं होतं. २००४ सालचा मे महिना. बाळासो शेठ हे गावातले इलेक्ट्रॉनिक्सचे मोठे दुकानदार. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीला गळ घालून ‘उद्याचं घर’ नावाचं प्रदर्शन भरवलं होतं, आधी शिरूरला आणि मग दौंडला. भिंतीवर फोटोसारखा टांगायचा चपटा टीव्ही त्यात होता. करंगळीएवढी एक पट्टी होती, तिच्यात म्हणे पोतंभर कॅसेटींची गाणी मावायची. एक गोल चकती जमिनीवर आपली आपण फिरून केर काढायची आणि खुर्चीच्या पायाला धडकली की शहाण्यासारखी वळायची. रोल न भरता फोटो काढणारा कॅमेरा तर सगळ्यांचा लाडका. फोटो काढला की लगेच माणूस टीव्हीवर दिसायचा. स्वतःचंच तोंड बघायला लोक उन्हात रांगा लावत होते.

आपल्या तीन मंडळींना मात्र रांग लावावी लागत नव्हती. प्रतिभा टेम्पोवाल्या मामाची भाची. ती यंदा आठवीत जाणार होती. तिच्याच वयाची अल्फिया मामाच्या शेजारी राहायची आणि तिचे वडील, गनीचाचा, मांडवाचं वायरिंग आणि राखण दोन्ही बघायचे. तिसरा मामाचा शंभू. वय दहा, पण तोंड विशीतलं.

तिघांचा जीव अडकला होता तो एका छोट्या पोलादी तिजोरीत. तिला किल्लीच नव्हती. दारावर टिकलीपेक्षा जराशी मोठी काच होती, तिच्यावर बोट टेकवायचं. बोट ओळखीचं असेल तर हिरवा दिवा लागून दार उघडायचं, नाहीतर लाल दिवा. बाळासो शेठ आणि गनीचाचा, दोघांचीच बोटं तिला ओळखीची करून दिलेली होती. शंभूनं स्वतःची दहाही बोटं लावून बघितली आणि शेवटी चप्पल काढून पायाचा अंगठाही लावला. लाल दिवा लागला तो लागलाच.

“किल्ली चोरता येते,” शिरीष सर कंपनीनं दिलेल्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या बाह्या सारख्या करत गर्दीला सांगायचे. “बोट कोण चोरणार?”

लोक माना डोलवायचे. प्रतिभाला मात्र त्या तिजोरीची उगाच कीव यायची. बाळासो शेठनी नारळ फोडला होता तो मांडवाच्या दारात. आत कशालाच भंडारा लागला नव्हता.

शुक्रवारी दुपारी वीज गेली. मे महिन्यातलं भारनियमनच ते, गेली की तासन्‌तास यायची नाही. जनरेटरचं डिझेल वाचवायचं म्हणून शेठ दुपारी प्रदर्शन बंद ठेवत आणि जेवायला घरी जात. गनीचाचांनी कॅमेरा त्याच्या कातडी पिशवीसकट तिजोरीत ठेवला, दार लावलं आणि नीट लागलंय ना म्हणून बोट टेकवून एकदा उघडूनही पाहिलं. मग पुन्हा लावलं. शुक्रवार असल्यामुळे त्यांना नमाजला जायचं होतं.

“पोरींनो, मी आलोच. कुणाला आत सोडू नका,” एवढं सांगून ते टोपी घालत मशिदीकडे गेले. थोड्या वेळानं अल्फिया त्यांचा डबा आणायला घरी गेली आणि आईच्या कामात तिथंच अडकली. शंभू आमरस ओरपून घरी घोरत पडला होता. मांडवात प्रतिभा एकटीच उरली.

टीव्ही मुका, पंखे मुके, केर काढणारी चकती कोपऱ्यात गपगार. फक्त सेलवर चालणाऱ्या त्या तिजोरीचा बारीक दिवा तेवढा जागा होता. प्रतिभानं इकडंतिकडं पाहिलं. पिशवीतली पुडी काढली. ‘येळकोट’ असं मनातल्या मनात म्हणून तिनं चिमूटभर भंडारा त्या काचेला हलकेच लावला.

खट्‌ असा आवाज झाला. हिरवा दिवा लागला आणि दार आपसूक उघडलं.

प्रतिभा दचकली. पुडी कलंडली आणि तिच्यातला भंडारा आतल्या कॅमेऱ्याच्या पिशवीवर सांडला. तिनं ओढणीनं जमेल तेवढा झटकला, दार ढकलून बंद केलं, काचेवरची हळद फुंकून टाकली. आपण शेठची तिजोरी फोडली, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. राखण, चाचांचा शब्द, सगळं विसरून ती मांडवातून धूम पळाली आणि एसटी स्टँडच्या मागं चिंचेखाली जाऊन बसली. दुपार कलली तरी ती तिथंच होती.

ती परतली तेव्हा वीज आलेली होती आणि मांडवात गलका चालला होता. कॅमेरा तिजोरीत नव्हता.

“कुलूप खोटं बोलत न्हाई, गनी,” बाळासो शेठ म्हणत होते. “दोनच बोटं हायेत. माझं बोट घरी जेवत व्हतं. तुझं कुठं व्हतं?”

चाचांनी खाली बघितलं. “मी हितंच व्हतो, शेठ. जाग्यावरनं हाललो न्हाई.”

अल्फियानं चमकून वडिलांकडे पाहिलं. नमाजला गेलेला माणूस असं का सांगतोय? ती तोंड उघडणार तोच चाचांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं. शिरीष सर नुकतेच मोटारसायकलवरून आले होते, घामाघूम झाले होते. ते म्हणाले, की आमच्या कुलपात दोष निघणं शक्यच नाही. शेठनी निकाल देऊन टाकला. रविवारी दौंडला उद्घाटन आहे, तोवर कॅमेरा आला तर ठीक, नाहीतर पोलिसांत तक्रार. आणि तोवर गनीनं मांडवात पाऊल टाकायचं नाही.

प्रतिभा खांबाआड उभी राहून सगळं ऐकत होती. आत्ताच पुढं व्हायला हवं, हे तिला कळत होतं. पण तिजोरी उघडली मी, भंडारा सांडला मी, पळाले मी. मग कॅमेरा दुसऱ्या कुणी नेला हे कोण मानणार? ती खांबाआडच राहिली.

संध्याकाळी अल्फियानं तिला अंगणात गाठलं. अब्बा म्हणतात नमाजचं नाव काढू नको, पोरीबाळींवर यायला नको. पण मला सांग, तू होतीस ना तिथं? कुणी आलं होतं का?

“न्हाई,” प्रतिभा म्हणाली. “मी तिथंच बसले व्हते. कुणीबी आलं न्हाई.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की कुणीच आलं नाही म्हटल्यावर चोर उरतो तो एकटा गनीचाचाच. जिवलग मैत्रिणीच्या तोंडावर तिनं तिच्या बापाला आणखी घट्ट बांधून टाकलं होतं. अल्फियानं नुसती मान हलवली आणि ती घरी गेली.

शनिवारचा दिवस काही केल्या सरेना. गनीचाचा दारातल्या बाजेवर बसून होते. रस्त्यानं जाणारे ओळखीचे लोक नजर चुकवून जात होते, कुणी कुणी थांबून नको ते विचारत होते. अल्फियाच्या आईनं, अमीरबीनं, दरवर्षीसारखाच यंदाही प्रतिभासाठी वाटीभर गुळांबा पाठवला. पोर सुट्टीला आलीय, तिला आवडतो म्हणून. प्रतिभानं पहिला घास तोंडात घातला आणि तो तिला गिळवेना. मामीनं विचारलं, बरं नाही का. ती हो म्हणाली. लाजेनं मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी समजलं.

रविवारी सकाळी मामाचा टेम्पो सगळं ‘उद्याचं घर’ पोटात घालून दौंडला निघाला. मागं खोक्यांमध्ये तिघं बसली. अल्फिया दौंडच्या मावशीकडे जाते असं सांगून आली होती, पण तिचा बेत वेगळा होता. कॅमेरा चुकून एखाद्या खोक्यात बांधला गेला असेल, तर तो शोधायचा. न्हावरा गेलं, भीमेचा पूल गेला, तरी ती एकेक खोकं उघडून थर्माकोल उपसत होती. नखं मोडली, हातांना चिकटपट्ट्या चिकटल्या. केडगाव चौफुल्यावर मामा चहाला उतरला तेव्हा शेवटच्या खोक्यातही कॅमेरा निघाला नाही. अल्फिया रडली नाही. तिनं सगळं पुन्हा जागच्या जागी भरायला घेतलं.

ते प्रतिभाला बघवेना.

“अल्फिया, थांब. मी खोटं बोलले.”

मग तिनं सगळं सांगितलं. भंडारा, खट्‌ झालेलं कुलूप, सांडलेली पुडी, चिंचेखाली लपणं. शंभूचा वडापाव तोंडाशीच राहिला.

“माझा बाप दोन दिस बाजेवर बसून हाय,” अल्फिया म्हणाली. “आन्‌ तू रोज समोरनं जात व्हतीस.”

अल्फियानं तिजोरीवरचं फडकं ओढलं आणि म्हणाली, “उघडून दाखव.”

प्रतिभानं पुडी काढली. काचेला भंडारा लावला. लाल दिवा. पुन्हा लावला. पुन्हा लाल. अल्फियाच्या डोळ्यांत आता राग नव्हता, नुसता कंटाळा होता. हेही खोटं निघालं, असंच तिला वाटत असणार.

“मला करू दे,” म्हणत शंभूनं वडापावचं तेलकट बोट काचेवर दाबलं. लाल दिवा. प्रतिभाच्या हातातला भंडारा त्यावर उडाला, आणि शंभू खाली वाकून ओरडला, “ताई, माझं बोट उमटलंय बघ!”

तिघंही काचेवर वाकली. काचेवर पिवळ्या बारीक रेषा उठल्या होत्या, भोवऱ्यासारख्या गोल फिरलेल्या. शंभूनं बोट उचललं होतं, पण त्याचा ठसा काचेवरच राहिला होता आणि हळद त्याला चिकटली होती.

आधी ध्यानात आलं ते अल्फियाच्या. “त्या दिशी दार लावल्यावर अब्बांनी बोट लावून बघितलं व्हतं का?”

“व्हय. माझ्यासमोर.”

“मग त्यांचंच बोट काचेवर ऱ्हायलं व्हतं. तू हळद लावलीस, आन्‌ कुलपाला वाटलं तेच बोट पुन्हा आलं.”

आज उघडलं नाही, कारण शनिवारी सामान बांधताना काच स्वच्छ पुसली होती. उघडून दाखवायचं तर आधी शेठचं ताजं बोट काचेवर पाहिजे, आणि मध्ये कुणी काच पुसायला नको. ते बोट शेठ कधी लावणार? संध्याकाळी, उद्घाटनाला, सगळ्या दौंडसमोर. म्हणजे दाखवायचं तेही तिथंच.

दौंडला स्टेशनजवळच्या मंगल कार्यालयात मांडामांड सुरू झाली. शिरीष सर पाहुण्यांसाठी गुलाबाची फुलं मोजत होते. शंभूला गप्प बसवेना.

“सर, बाहीला कुंकू लागलंय तुमच्या.”

सरांनी वैतागून मनगट पाहिलं. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर लालसर डाग होता. “कसला डाग आहे कोण जाणे. आधी पिवळा होता. साबण लावला तर उलट लालच झाला.”

ते सहज बोलून गेले आणि फुलांकडे वळले. पण प्रतिभा जागच्या जागी थिजली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे पुण्याच्या कंपनीत शिकवत नसतील. लग्नघरची धुणी धुतलेल्या पोरीला ते सांगावं लागत नाही. आणि शुक्रवारी तिची हळद सांडली होती ती फक्त एका जागी, कॅमेऱ्याच्या पिशवीवर.

तिनं अल्फियाला बाजूला नेऊन सांगितलं. अल्फियाचे डोळे चमकले, पण लगेच तिनं विचारलं, “सरांचं सांगायचं म्हंजी आधी तुला तुझं सांगावं लागंल. सगळ्यांम्होरं. सांगशील?”

“सांगीन,” प्रतिभा म्हणाली.

संध्याकाळी कार्यालय गच्च भरलं. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका ललिताबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. फीत कापून झाली, टाळ्या झाल्या आणि बाळासो शेठ तिजोरीपाशी आले. त्यांनी पाहुण्यांचा गुलाब आत ठेवला, दार लावलं, बोट टेकवून उघडलं, पुन्हा लावलं. आता कुणाचंही बोट आणा, उघडणार नाही, असं त्यांनी छातीवर हात मारून सांगितलं. शिरीष सर लगेच मऊ फडकं घेऊन काच पुसायला पुढं झाले.

शंभू याच क्षणाची वाट बघत होता. त्यानं केर काढणाऱ्या चकतीचं बटण दाबलं आणि तिला सरांच्या दिशेनं सोडून दिलं. चकती सुसाट गेली, सरांच्या बुटाला धडकली, शहाण्यासारखी वळली आणि दुसऱ्या बुटाला धडकली. सरांचा तोल गेला, फडकं एकीकडं, सर एकीकडं. सगळं कार्यालय खो खो हसायला लागलं. तेवढ्यात प्रतिभा तिजोरीपाशी पोचली होती.

तिनं चिमूट काचेला लावली. दिवा लाल. हसणं थांबलं. “कुणाची पोरगी हाय रं ही?” शेठ ओरडले. संपतमामा गर्दीतून पुढं यायला लागला. प्रतिभानं डोळे मिटले, जास्तीची हळद हलकेच फुंकली आणि पुन्हा एकदा बोटाचं टोक नुसतं टेकवलं.

खट्‌.

दार उघडलं. आत गुलाब दिसत होता.

“हे मी शुक्रवारीबी केलं व्हतं,” प्रतिभा म्हणाली. “गनीचाचा नमाजला गेले व्हते. राखणीला मी व्हते. मी तिजोरी उघडली, घाबरले आन्‌ मांडव टाकून पळाले. चाचांनी काही केलं न्हाई. मी सांगायला पायजे व्हतं. सांगितलं न्हाई.”

शेठच्या कपाळावर आठ्या चढल्या. “मंग कॅमेराबी तूच नेलास म्हण की.”

याच वाक्याला ती शुक्रवारपासून भीत होती. ते आलं, आणि ती उभीच होती. ती म्हणाली, की कॅमेऱ्याच्या पिशवीवर माझी हळद सांडली होती. ज्यानं ती पिशवी उचलली त्याच्या कपड्याला ती लागलीच असणार. आणि हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो.

बायकांच्या रांगेतून लगेच माना हलल्या. शिरीष सर अजून जमिनीवरून उठत होते. त्यांचा उजवा हात हळूच पाठीमागं गेला.

“सर, जरा हात दाखवा,” ललिताबाई शांतपणे म्हणाल्या. शाळेत असा आवाज ऐकलेल्या मुलीच नव्हे, त्यांचे आईबापही सावरून बसले.

सरांनी हात दाखवला नाही. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी तोंड ओंजळीत झाकलं. आधीचं बोट काचेवर उमटलेलं असलं, तर नुसती तोंडाची वाफ टाकली तरी कुलूप उघडतं, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. विक्रीवर परिणाम होईल म्हणून ते बोलले नव्हते. शुक्रवारी दौंडला त्यांच्या मित्राचा साखरपुडा होता. फोटो काढायचे आणि प्रदर्शन उघडायच्या आत कॅमेरा परत ठेवायचा, एवढाच त्यांचा विचार. मांडवात कुणीच नव्हतं. पण येताना न्हावऱ्याजवळ मोटारसायकल पंक्चर झाली, आणि ते पोचले तेव्हा बोंब झालेली होती.

“तेव्हाच सांगणार होतो,” ते म्हणाले. “पण जसजसा वेळ गेला तसतसं अवघड होत गेलं.”

प्रतिभाला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण हा माणूस जणू तिचीच हकीकत सांगत होता.

कॅमेरा त्यांच्या बॅगेतून निघाला. पिशवीच्या शिवणीत पिवळी पूड अजून अडकलेली होती. मग काय विचारता, सगळा नूरच पालटला. ललिताबाईंनी प्रतिभाला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, की भल्याभल्यांना जमत नाही ते या पोरीनं केलं. शेठनी गाण्यांची ती करंगळीएवढी पट्टी तिला बक्षीस म्हणून जाहीर केली. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. शंभू तर चकती काखेत मारून, सरांना पाडणारा मीच, असं भेटेल त्याला सांगत सुटला. टाळ्या थांबेनात. प्रतिभानं गर्दीत अल्फियाला शोधलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिची नजर प्रतिभावरच होती.

“बक्षीस नगं,” प्रतिभा शेठना म्हणाली. “मला चाचांकडं न्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ स्वतः गनीचाचांच्या दारात गेले. आळीतले लोक जमले होते. त्या सगळ्यांसमोर त्यांनी चाचांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, चूक माझी झाली, दौंडला चल, तुझ्याशिवाय तिथं बल्ब लागत नाही. चाचांनी लगेच हो म्हटलं नाही. बघू म्हणाले. लोक पांगले, शेठ गेले, आणि प्रतिभा तेवढी बाजेपाशी उभी राहिली.

“चाचा, मी राखण टाकून पळाले व्हते.”

“ठावं हाय,” चाचा म्हणाले. “नमाजची रांग रस्त्यावर आलेली व्हती. तू म्होरनं पळत गेलीस. नमाज मोडून उठता येत न्हाई.”

प्रतिभाला काही उमजेना. “मग तुम्ही शेठना का न्हाई सांगितलं?”

चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मला वाटलं, माझ्याकडनं दार पुन्हा नीट लागलं नसंल आन्‌ कॅमेरा तूच नेलास. लेकराचा हात चुकला, आज ना उद्या गुपचूप आणून ठेवंल. तुझं नाव एकदा गावात झालं असतं, तर ते पुसलं नसतं. माझं काय, मी म्हातारा हुत चाललोय.”

दौंडमध्ये सगळ्यांनी तिला हुशार म्हटलं होतं, धीट म्हटलं होतं. आणि इथं हा माणूस तिला चोर समजत होता, आणि चोर समजूनही तिच्यासाठी बाजेवर मान खाली घालून बसला होता. गुळांब्याची वाटी आली तीही याच घरातून. प्रतिभा मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. चाचा ‘अगं, अगं’ करत राहिले.

दारातून अल्फिया आली. प्रतिभाशेजारी जमिनीवर बसली.

“ती चोर न्हवती, अब्बा,” ती म्हणाली. “भित्री व्हती.”

प्रतिभानं डोळे पुसत मान हलवली. ते अगदी खरं होतं. कालपासून इतक्या जणांचं तिच्याबद्दल इतकं काय काय बोलून झालं होतं, पण मनाला पटलं ते एवढंच.